तानीबाईची पाठराखण

जंगलात मला पहिल्यांदा 'मारलं' ते एका बाईने, आणि तेही काठीच्या टोकाने.

वनरक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक धानोरा तालुक्यातल्या कोसमटोल्यात झाली. गणवेश नवा, बूट नवे आणि अक्कलही अजून वापरात न आलेली. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला होता आणि आसपासच्या जंगलात वाघाचा वावर होता. वरून मला छापील फलकांची एक गुंडाळी मिळाली होती. 'गटाने जा. सावध राहा. वाकून काम करू नका.' मी गावातल्या बायकांना समाजमंदिरापुढे गोळा केलं आणि पाऊण तास बोलले. बायका गपचूप ऐकत होत्या. मला वाटलं, वा, काय छाप पडली आपली!

भाषण संपल्यावर मागून एक ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली बाई उठली. हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण, गालात तंबाखूची गोळी.

"गार्डबाई, वाकून काम करू नका म्हंता. मंग पान कसं तोडावं थे दाखवा ना. तेंदूचं झुडूप तं माह्या मांडीएवढं."

शाळेमागे झुडपं होतीच. मी तावातावाने गेले, वाकले आणि तोडायला लागले. चांगलं पान निवडायचं, देठाला धरून खुडायचं, डाव्या हातात रचायचं. पाच मिनिटांत मी त्यात इतकी गुंतले की भाषण, फलक, वाघ, सगळं विसरून गेले. तेवढ्यात पाठीत, बरोबर मानेच्या खाली, काहीतरी टोचलं. मी किंचाळून उडी मारली.

मागे ती बाई काठी घेऊन उभी होती. "मेल्या तुमी, बाई," ती अगदी शांतपणे म्हणाली. "उभ्या माणसाले थो माणूस म्हणून ओळखते. वाकलं का त्याले वाटते, ढोर चरून राह्यलं."

ही तानीबाई. ती रानात वाघाचं नाव घेत नसे. 'थो' नाही तर 'मोठा', एवढंच म्हणायची. गावातल्या पान तोडणाऱ्या बायकांची ती पुढारी होती. तिला कोणी निवडलं नव्हतं, नेमलं नव्हतं. सकाळी ती निघाली की बाकीच्या निघत, ती थांबली की थांबत. मी माझे फलक समाजमंदिराच्या भिंतीला लावले खरे, पण शिकायला दुसऱ्या दिवसापासून तिच्या मागे जाऊ लागले.

तिचे नियम होते आणि ते तिने कुठल्या कागदावर वाचलेले नव्हते. पहिला नियम, ऊन झाडाच्या शेंड्यावरून खाली उतरल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही. मे महिन्यात हे पाळणं सोपं नसतं. उजाडायच्या आत निघालं तर ऊन तापायच्या आत परत येता येतं, म्हणून इतर गावांतल्या बायका अंधारातच बाहेर पडत. तानीबाई म्हणायची, "उन्हानं माणूस काळा पडते. मरत नाई."

दुसरा नियम मला सगळ्यात आवडायचा. गुडघ्याखालचं पान तोडायचं नाही. ते जंगलाचं. खालच्या पानासाठी माणूस पुरता दुमडतो, डोकं जमिनीला लागतं आणि आजूबाजूचं काही म्हणता काही दिसत नाही. कमरेतून जरासं वाकून जेवढं हाताला येईल तेवढंच आपलं. सुरुवातीला बायका कुरकुरल्या होत्या म्हणे, कारण खालची पानं मोठी आणि कोवळी. तानीबाईने त्यांना एवढंच विचारलं होतं, "हंगाम सरल्यावर कंबर कोनाची दुखते?" दरवर्षी हंगाम संपला की अर्धं गाव कमरेला पट्टा बांधून उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेत बसायचं. नियम पाळल्यावर ती रांग आटली. एका नियमात कंबरही वाचली आणि मानही. शहाण्या माणसाचे नियम असे एका दगडात दोन पक्षी मारतात.

तिसरा नियम डोक्यावरच्या ओझ्याचा. जे ओझं आपल्या हाताने, कुणाच्या मदतीशिवाय खाली टाकता येतं तेवढंच उचलायचं. पळायची वेळ आली तर "बाई, जरा हात लाव" म्हणायला सवड कुठून मिळणार?

आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा. तिघी-तिघींनी जायचं. दोघी तोडतील, तिसरी नुसती उभी राहील. तोडणाऱ्यांकडे पाठ, तोंड रानाकडे. तिला 'उभी' म्हणत. आळीपाळीने प्रत्येकीवर ती पाळी यायची आणि तिघींची पानं एकत्रच मोजली जायची. पानं घेणारा ठेकेदाराचा मुन्शी एकदा फडावर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, हसून म्हणाला, "तुमच्यातली एक तर फुकटच उभी असते." तानीबाई म्हणाली, "मुन्शीजी, तुमी तोडा पान, मी राह्यतो फुकट उभी. या उद्या." मुन्शीजी आले नाहीत हे काही सांगायला नको.

घरीही तिचं हेच. दुपारी पानांची पुडकी बांधायला बायका उकिडव्या बसत, चार-चार तास. संध्याकाळी उठताना प्रत्येकीच्या तोंडून 'आई गं' निघायचं. तानीबाईने घरातली बाज बाहेर काढली, पायांखाली विटा लावून कमरेएवढी उंच केली आणि तिच्यावर पानं पसरून उभ्याउभ्या पुडकी बांधायला सुरुवात केली. हां हां म्हणता गावातल्या सगळ्या बाजा अंगणात विटांवर चढल्या. तिचा नवरा डोमाजी मला भेटला की गाऱ्हाणं सांगायचा, "पाहा बाई, माह्या बाजेवर पानं झोपते अन् मी भुईवर. तेंदूपत्त्याचा जल्म घेतला असता तं बरं झालं असतं." तानीबाई आतून म्हणायची, "पान सांजेले बाजेवरून उठते. तुमी उठता कुठी?"

तिच्या डोळ्यांना आराम नव्हता. कुणाच्या घरी गेली की आधी उंबऱ्यातला खिळा, वाटेतली घागर, वळचणीला अडकवलेला विळा, यांची जागा बदलूनच बसायची. एकदा मी तिला गडचिरोलीला एका प्रशिक्षणाला घेऊन गेले. मोठं सभागृह, पडद्यावर चित्रं, आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ 'सुरक्षा ही संस्कृती झाली पाहिजे' असं फार सुंदर बोलत होते. यंत्राची वायर खुर्च्यांमधल्या वाटेवरून आडवी गेली होती. चहा देणारा तिला अडखळला, मग एक साहेब अडखळले, मग दुसरे. तिसऱ्या वेळी तानीबाई उठली आणि वायरीपाशी जाऊन उभी राहिली. जो येईल त्याला हाताने थांबवायची, "वायर हाये, पाय उचला," म्हणायची. तज्ज्ञांनी माइकवरूनच विचारलं, "आजी, बसा ना. काही अडचण आहे का?"

"तुमी बोला ना जी," ती म्हणाली. "इथी एक उभी पाह्यजे."

सगळं सभागृह हसलं. तज्ज्ञही हसले, पण माणूस भला होता. त्यांनी बोलणं थांबवलं, खाली उतरून वायर भिंतीकडेने वळवून घेतली आणि मगच पुढचं चित्र दाखवलं. तानीबाई जागेवर येऊन बसली आणि दोन मिनिटांत तिचा डोळा लागला. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, कसं वाटलं? "लई चांगलं बोलले. अन् आयकलंबी त्यायनं," ती म्हणाली. "बोलनारे लई असते. आयकनारे कमी."

आता तिची चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय तानीबाई अर्धीच राहील, आणि तिला अर्धं सांगितलेलं आवडत नसे.

ही हकीकत मला डोमाजीने सांगितली. मी यायच्या आदल्या हंगामातली. तिघी-तिघींचा नियम तेव्हाही होता. पण काही दिसलं की तेव्हा 'वाघ!' म्हणून ओरडायची रीत होती. शेवंता नावाची एक तिशीतली, जरा भित्री म्हणूनच ओळखली जाणारी बाई एक दिवस 'उभी' होती. ती 'वाघ! वाघ!' म्हणून ओरडली. सगळ्या जणी पानं टाकून पळत सुटल्या. झुडपातून निघालं रानडुक्कर. तेही बिचारं घाबरून उलट्या दिशेने पळालं.

गावात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. आणि सगळ्यात मोठ्याने हसली ती तानीबाई. पाणवठ्यावर तिने शेवंताच्या पळण्याची नक्कल करून दाखवली. मग काय, बारकी पोरंसुद्धा शेवंता दिसली की विचारायची, "काऊन वो काकू, वाघ आला का?"

आठ-दहा दिवसांनी शेवंता पुन्हा 'उभी' होती. तिला गवत हललेलं दिसलं. तिला वाटलं, डुक्कर असेल. पुन्हा ओरडलो तर पुन्हा हसतील. ती थांबली, जरा नीट पाहू म्हणाली. ते जरा नीट पाहणं लक्ष्मीच्या जिवावर बेतलं. लक्ष्मी म्हणजे डोमाजीच्या धाकट्या भावाची बायको, तानीबाईची जाऊ. दोघी एका चुलीवर जेवलेल्या.

तेरवीनंतर गाव बसलं. जो तो शेवंतावर तुटून पडला. उभी होती तर डोळे कुठी होते, दिसलं तर बोलली काऊन नाई. शेवंता खाली मान घालून बसली होती. तेव्हा तानीबाई उठली. गेलेलं माणूस तिच्याच घरातलं. डोमाजीने तिचं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं.

"शेवंतीनं पाह्यलं, अन् तिच्या तोंडात हाक आली होती. थे हाक मी अडवली. मी हासली होती ना तिले. लक्ष्मी गेली थे माह्या हासन्यानं गेली. कोनाले बोल लावाचा असन तं मले लावा."

मी अनेक मोठ्या माणसांना मोठ्या खुर्चीत बसून चुका झाकताना पाहिलं आहे. तानीबाईला खुर्चीच नव्हती, आणि तिने झाकलं काहीच नाही. त्या दिवशी तिने रीत बदलली. यापुढे 'वाघ' म्हणून ओरडायचं नाही, 'वापस!' म्हणायचं. मी तिला विचारलं होतं, यात फरक काय पडला?

"वाघ म्हटलं का वाघ दाखवा लागते," ती म्हणाली. "वापस म्हटलं का नुस्ते पाय वळवा लागते."

'वापस' कुणीही म्हणावं. अगदी काल लग्न होऊन आलेल्या सुनेनेही. कारण विचारायचं नाही, हातातलं पानसुद्धा पुरं तोडायचं नाही, सरळ गावाकडे वळायचं. दिवस बुडाला तर बुडाला. आणि संध्याकाळी तानीबाई हाक देणारीच्या घरी जायची, तिच्याशेजारी बसायची आणि विचारायची, "काय दिसलं?" 'काऊन ओरडली' असं ती चुकूनही म्हणत नसे. ती बाई जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायची. माकडं ओरडली, मोर उडाला, वास आला, नुसतंच मन घाबरलं, सगळं. मग दुसऱ्या दिवशी कुठल्या बाजूला जायचं नाही ते त्यावरून ठरायचं. चार वर्षांत मी कितीतरी 'वापस' ऐकल्या. बहुतेक वेळा काहीच निघालं नाही, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

एकच हाक कधी ऐकू आली नव्हती. शेवंताची.

माझ्या पहिल्या हंगामात शेवंता घराबाहेरच पडली नाही. दुसऱ्या हंगामात तानीबाई रोज सकाळी तिच्या दारात जाऊन उभी राहायची. बोलायची नाही, नुसती उभी राहायची, आणि थोड्या वेळाने निघून यायची. तिसऱ्या वर्षी एक दिवस शेवंता तिच्यामागे चालत आली. तानीबाईने तिला आपल्याच तिघींत घेतलं आणि 'उभी' केलं. स्वतः तिच्या पाठीमागे वाकून पान तोडायला लागली.

डोमाजी हवालदिल झाला. "तिच्या भरवशावर पाठ देतेस?"

"तिच्याच भरवशावर देईन," तानीबाई म्हणाली. "एकदा चुप राह्यलं का काय होते, थे तिच्यापेक्षा कोनाले जास्त माहीत?"

त्याच हंगामात एक दिवस मी त्यांच्यासोबत होते. शेवंता 'उभी' होती. समोरच्या ओढ्याकडे माकडं खेकसायला लागली. मी शेवंताकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. तानीबाई मागे वाकलेलीच होती. मी ओरडणार तेवढ्यात तानीबाईनेच डोकं वर केलं आणि म्हणाली, "वापस." त्या दुपारी ओढ्याच्या वाळूत मला ताजे पंजे दिसले. तळहाताएवढे.

मला संताप आला. मी तडक तिच्या घरी गेले. म्हटलं, "तानीबाई, हे बस झालं. शेवंताला पुन्हा उभं करायचं नाही. तुम्ही ऐकणार नसाल तर मी वर लिहून कळवीन. तुमचा जीव जाईल."

ती बाजेपाशी उभी राहून पुडकं बांधत होती. दोरा दातात धरून तिने गाठ मारली. "बाई, आज मी तिले बसवली तं थे जल्मभर बसन. अन् बाकीच्यायले काय कळन? का एकदा चुकली का मंग तुमचं तोंड बंदच ठेवा. मंग कोन हाक देईन?" मग पुढचं पुडकं हातात घेत ती म्हणाली, "मले भेव नाई का? हाये ना. पन तिचा आवाज मी घेतला. थो वापस येईपर्यंत माही पाठ तिच्याकडेच राह्यन."

मी लिहून कळवलं नाही. पुढे ज्या ज्या दिवशी शक्य होतं त्या त्या दिवशी मात्र त्यांच्यासोबत गेले. खोटं कशाला बोलू, माझा विश्वास शेवंतावर नव्हता. माझा विश्वास माझ्या शिट्टीवर होता.

चौथ्या हंगामात माझी एटापल्लीला बदली झाल्याचं पत्र आलं. निघायला दोनच दिवस उरले होते. त्या सकाळी बायका एका चांगल्या पट्ट्यात गेल्या होत्या. पान भरगच्च, हंगाम संपत आलेला, फड बंद व्हायला आलेला. अशा दिवशी कोणालाच परतायचं नसतं. सगळ्या झपाझप तोडत होत्या. मीही फाटक्या ओढणीत पानं जमवून देत होते, आणि शेवंताकडे माझं लक्षही नव्हतं.

"वापस!"

आवाज इतका बारीक आणि चिरका होता की कुणाचा ते आधी कळलंच नाही. मग पुन्हा आला, मोठ्याने. "वापस! वापस चला वो!"

शेवंताने काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. डाव्या हाताच्या गवताकडे बघत होती. बायका वळल्या. तानीबाईच्या मुठीत अर्धवट तोडलेली पानं होती, ती तिने तिथेच सोडली. लगेच चालायला लागली. रिवाजाप्रमाणे ती सगळ्यात मागे, आणि तिच्या बरोबर पुढे शेवंता. मी मध्येच मागे वळून पाहिलं तर तानीबाई रडत होती. पदर वर न घेता, डोळे न पुसता, नुसती चालत आणि रडत. मी पुढे बघून चालू लागले, कारण माझंही तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन सहकाऱ्यांना घेऊन ती जागा पायाखाली घातली. गवत, वाळू, नाल्याचा काठ, सगळं. पंजा नाही, विष्ठा नाही, दबलेलं गवत नाही. हां, रानससा असेल किंवा वारा. काहीच नव्हतं. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी शेवंताच्या तोंडून हाक निघाली, आणि नेमकी खोटी निघावी! हे आता सांगायचं कसं, याच विचारात मी गावात शिरले.

तानीबाई अंगणात होती. तिने माझा चेहरा पाहिला. "काय होतं?"

"काहीच नव्हतं, तानीबाई," मी म्हटलं. "मी सगळं पाहिलं. काहीच नव्हतं."

तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं.

"मंग लई बेस झालं," ती म्हणाली. "खरा दिसला असता तं कोनीबी ओरडलं असतं. कायी नसतानी ओरडली म्हंजे भेव गेलं तिचं. आमच्या हासन्याचं भेव."

ती तशीच निघाली. मीही मागोमाग गेले, कारण जीप तिकडेच लावली होती आणि मला एटापल्लीला निघायचं होतं. शेवंता आपल्या अंगणात विटांवर चढवलेल्या बाजेपाशी पुडकी बांधत होती. तानीबाई कुंपणापाशी थांबली.

"शेवंते," ती म्हणाली, "गार्डबाईनं जाऊन पाह्यलं. कायीच नव्हतं वो."

शेवंताच्या हातातला दोरा थांबला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तानीबाईकडे. शेजारच्या दोन-तीन अंगणांतल्या बायकाही थांबल्या होत्या. तानीबाई कुंपणाची काठी धरून अगदी गंभीर उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे शेवंताच्या तोंडावर.

"कायीच नव्हतं?" शेवंता म्हणाली. "ससा होता का काय मंग?" आणि ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून.

मी जीपमध्ये बसताना शेवटचं पाहिलं ते हेच. दोघी कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहून हसत होत्या. पण तानीबाई तिच्या आधी हसली नव्हती.